झोप न येणे आणि न झोपणे

आपत्तीतून वाचलेल्या माणसाच्या झोपेचा प्रश्न मानसशास्त्राच्या हाती सोपवून भाषेच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसावे, अशी एक समजूत दिसते. ती तपासून पाहण्याजोगी आहे. झोप किती व कशी लागते, हे अखेर माणसाने शब्दांतच सांगायचे असते. आणि ते शब्द टिपणारी प्रश्नावली बहुधा दुसऱ्याच भाषेत घडलेली असते.

मराठीपुरते बोलायचे तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे याचे सर्वांत दारुण उदाहरण होय. वेळ पहाटेची, ३ वाजून ५६ मिनिटांची. आदली रात्र गणेशविसर्जनाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ७,५०० हून अधिक माणसे गेली. (११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेच्याच अंधारातला.) झोपेत मरण येणे ही मराठी माणसाच्या लेखी पुण्याई, पण या रात्रीनंतर त्या मुलखात हा शब्दप्रयोग सहजपणे करणे कठीणच.

घर हीच मारणारी वस्तू ठरल्यावर वाचलेला माणूस घरात झोपत नाही. येथे मराठीचे व्याकरण एक सूक्ष्म भेद पुरवते. ‘मला झोप येत नाही’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. झोप येणारी, माणूस तिची वाट पाहणारा. ‘मी झोपत नाही’ यात मात्र माणूस कर्ता आहे. पहिली व्यथा, दुसरा निर्णय. पोरांच्या उशाशी बसून भिंतीकडे कान लावणारी आई निद्रानाशाची रोगी की राखणदार? ‘जागणे’ या क्रियापदात ही राखण आहेच; शेतावर, आजाऱ्यापाशी, देवापुढे माणूस जागतो, तेव्हा त्याला कोणी रोगी म्हणत नाही. अर्थात राखण अनेक महिने लांबली तर शरीर खचते, चित्त दचकरे होते, आणि मग उपचार हवेच. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर विकाराला जे स्थान दिले, त्यात भीतीची स्वप्ने आणि अखंड सावधपणा ही लक्षणे आहेतच. प्रश्न उपचाराचा नसून विचारण्याच्या रीतीचा आहे.

जगभर वापरली जाणारी पिट्सबर्गची निद्रा-गुणवत्ता सूची १९८९ ची. गेल्या महिन्यात झोपायला गेल्यावर किती मिनिटांत झोप लागली, किती तास लागली, असे ती विचारते. झोपमोडीची ठरीव कारणे देऊन शेवटी ‘इतर कारणे’ एवढी एक मोकळी जागा ठेवते. एकूण गुण पाचांच्या वर गेले की झोप निकृष्ट. दवाखान्यात ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ‘कोंबडा आरवेपर्यंत बसून होतो’ हे उत्तर मिनिटांत कसे बसवायचे? न झोपण्याचा निर्णय, म्हणजे मुख्य हकीकतच, त्या ‘इतर’ कारणांच्या जागेत कोंबावी लागते. ‘झोप लागली’, ‘डोळा लागला’, ‘गुंगी आली’ ही मराठीत तीन वेगळी विधाने आहेत. भाषांतरकार मात्र तिन्हींसाठी पहिलेच वापरून मोकळा होतो.

या कामाचे स्वाभाविक ठिकाण म्हैसूर. १९६९ साली स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान येथेच आहे आणि राष्ट्रीय अनुवाद अभियानाचे कामही येथूनच चालते. ‘ननगे निद्दे बरलिल्ल’ म्हणणारा कन्नड भाषकही झोपेला चतुर्थीतूनच भेटतो. दोन भिन्न कुळांतील भाषांचे हे साम्य अभ्यासकांना अपरिचित नाही, पण व्याकरणाच्या प्रबंधांपलीकडे त्याचा उपयोग कोणी केला असेल तर तो अपवादच. २०१८ साली कोडगूत आणि ३० जुलै २०२४ च्या रात्री वायनाडात डोंगर खचले. दोन्ही मुलूख म्हैसूरला लागून आहेत, आणि तेथील वाचलेल्यांची झोप कन्नड, कोडव, मलयाळम अशा भाषांत सांगितली जाणार. ज्ञानग्रंथांच्या अनुवादावर जेवढा विचार खर्ची पडतो, त्याचा एक अंश दोन पानांच्या प्रश्नावलीला मिळाला तरी पुष्कळ साधेल. तिची सुरुवात मिनिटांपासून न करता ‘रात्री कुठे निजता, घरात कोण जागे राहते’ इथून व्हावी, आणि उत्तर देणाऱ्याचे क्रियापद जसेच्या तसे लिहून घ्यावे.