गादी बदला, शेगडी नको

गेल्या हिवाळ्यात मुरबाडकडचे एक गृहस्थ कमरेवर जाळीसारखे तांबूस-काळे डाग घेऊन माझ्याकडे आले. नायटा नव्हता, ॲलर्जीही नव्हती. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. जुन्या गाडीच्या सीट नव्याने शिवून घेताना, कंबरदुखीला बरे म्हणून, त्यांनी गादीत विजेवर तापणारी जाळी बसवून घेतली होती. सरळगाव-किन्हवलीमार्गे रोज शहापूरला जाता-येता ती सुरूच असे.

रोज चुलीला किंवा शेगडीला अंग लावून बसणाऱ्यांच्या कातडीवर असेच डाग उमटतात. चटका बसत नाही, पण रोजच्या उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व कातडीत रंग साचतो. शेक वेळीच बंद केला तर डाग काही महिन्यांत फिके होतात.

वाचकहो, शेकाने आखडलेला स्नायू सैल होतो, हे मी नाकारत नाही. पण १९६६ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत आलेली ही सोय बर्फाळ प्रदेशाला शोभते. आपल्याकडची थंडी ती काय, पहाटेपुरती! आणि मधुमेहाने ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झाली आहे, त्यांना भाजल्याचे कळतही नाही. अशांनी या वाटेला जाऊच नये. मूल हवे असलेल्या तरुणांनीही जपावे; वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते.

मुळात कंबर दुखते ती थंडीने नव्हे, बसक्या गादीने. फोम पिचला की खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हादऱ्यांना सर्वांत जास्त थरथरतो आणि गाडीचे हादरे नेमके त्याच्या आसपासचे असतात. गादीवर गुडघा रोवून पाहा. खालचे लोखंड लागले तर फोम संपला असे समजा. नुसते नवे रेक्झिन चढवणे म्हणजे गळक्या घराला रंग देणे.

मला खरा राग येतो तो जीपमालकांचा. प्रवाशांची सीट चकचकीत करतात आणि दिवसभर राबणाऱ्या चालकाची तशीच खचकी ठेवतात. पहिला पैसा चालकाच्या गादीवर खर्च व्हायला हवा. फोम घट्ट घ्यावा, कमरेच्या खोलगट भागी आधार ठेवावा आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाणार नाहीत इतकी उंची द्यावी. मागच्या खिशातले पाकीट बसताना काढावे, हे फुकटचे औषध!

नव्या गाड्यांबाबत एक इशारा. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटमध्येच असते. त्यावर जाड कव्हर शिवले तर ती ऐनवेळी अडकू शकते. तेव्हा कुशनवाल्याला आधीच विचारा. तापणारी जाळी फ्यूजशिवाय, चिकटपट्टीच्या जोडावर तर बसवूच नका. पेटलेल्या फोमचा धूर आगीपेक्षा आधी जीव घेतो.

त्या गृहस्थांनी जाळी काढून फोम बदलला. उन्हाळ्यात भेटले तेव्हा डाग पुसट झाले होते. कंबर पूर्ण बरी नाही, पण रात्री झोप लागते म्हणाले.