आधी नकाशा दाखवा



झोपडपट्टी 'सुधारायची' आहे म्हणतात. कायदाच आहे तसा, १९७१ चा. सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे तीन शब्द त्यानं एका दमात उच्चारले. सुधारणा कागदावर राहिली, निर्मूलन बुलडोझरनं केलं, पुनर्विकास बिल्डरनं पळवला.

मी गोदीत ओझी वाहतो. धान्याच्या गोण्यांची थप्पी लावताना आम्ही खाली फळ्या टाकतो, भिंतीपासून हातभर जागा सोडतो. हवा खेळली नाही तर माल कुजतो. हे मॅट्रिक झालेल्या हमालाला कळतं. मग मानखुर्द-गोवंडीत लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड रचणाऱ्या शिकल्यासवरल्या साहेबांना का कळलं नाही? तिथं इमारतीला इमारत खेटून, नटवर पारेखमध्ये तर मधलं अंतर अवघं तीन मीटर. खालच्या मजल्यावर ऊन उतरतच नाही. २०१८ साली डॉक्टरांची पाहणी बाहेर आली. ऊन-वारा नाही तिथं टीबी जास्त, असं त्यात निघालं. गहू कुजला तर मालक भरपाई मागतो. आमची फुफ्फुसं कुजली तर आम्ही कुणाकडे मागायची?

१९९५ च्या योजनेत घर २२५ चौरस फुटांचं होतं, आता ३०० चं आहे. वाढलं, नाही म्हणत नाही. पण चौरस फुटात ऊन मोजत नाहीत. शिलाई मशीन कुठं मांडायचं, भंगाराची हातगाडी कुठं लावायची, हे नकाशात नसतं. नकाशा काढणारा कधी डबा घेऊन संडासच्या लायनीत उभा राहिलेला नसतो.

आमच्या बायांना मात्र घर आखता येतं. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या महिला मिलनच्या बायांनी स्वतःच्या घराचे नमुने स्वतः उभे केले. उंची धरली चौदा फूट, म्हणजे वर पोटमाळा निघतो. कुठल्या कॉलेजात शिकल्या त्या? फुटपाथवर.

१९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. २०१४ साली मुंबईतल्या वस्त्यांना नळासाठी हायकोर्ट गाठावं लागलं. झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं कोर्टानं बजावलं. ८७ वर्षांनी तंटा तोच. तळ्याच्या जागी नळ आला आणि भटाच्या जागी कट-ऑफ तारीख.

म्हणून सांगतो, कविता लिहून झाली की हातात टेप घ्या. आपापला बोळ मोजा. किती माणसं, किती नळ, किती संडास, ऊन कुठवर येतं, सगळं वहीत उतरवा. उद्या संमतीचा फॉर्म घेऊन एजंट येईल, गोडगोड बोलेल. त्याला विचारा, नकाशा कुठाय? दोन इमारतींत अंतर किती? तळमजल्यावर ऊन किती वाजता येणार? लिफ्ट बंद पडली तर पैसे कोण भरणार?

उत्तर लेखी मागा. ते हातात पडेस्तोवर अंगठा खिशात.