आधी कान, मग वॅट

"इंजिनियर झालास ना बाबा, मग वायरी कापत काय बसलास? नवा हेडफोन घे की!" - इति आमचे काका, मुक्काम वसमत.

काकांना तेव्हा काही बोललो नाही. (काकांना कोण बोलणार!) पण माझं स्पष्ट मत आहे, की हातात सेट घेऊन फिरणाऱ्या हॅमने आधी नीट ऐकू येण्याची सोय करावी, मग जास्त वॅटच्या आणि लांब अँटेनाच्या गप्पा माराव्यात.

झालं असं. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेले आणि हिंगोली जिल्हा हलला. तीव्रता ४.५. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा धक्का, ३.६ चा. मी गावाकडेच होतो. अख्खी गल्ली रस्त्यावर! जो तो फोन लावतोय, त्यामुळे कुणाचाच लागत नाही. माझ्याकडे सेट होता. तीन-चार किलोमीटरवरचा एक हॅम मित्र बोलतही होता, पण सेटचा स्पीकर तो केवढा, आणि भोवती हा कालवा... "भिंत" एवढाच शब्द कळला. पडली की तडकली? खाली कोणी होतं का? चार वेळा विचारलं, चारही वेळा नुसती खरखर. शेवटी गाडी काढून गेलो. नुसती चीर गेली होती. पण रस्त्यातली ती दहा मिनिटं अजून आठवतात.

आता उपाय. माझ्या सेटला दोन भोकं आहेत, ३.५ आणि २.५ मिलिमीटरची. मोबाईलचा हेडफोन मोठ्या भोकात बसतो, पण ते माइकचं. आवाज येतो छोट्यातून. म्हणून २.५ ची मोनो पिन आणि ३.५ चं स्टिरिओ सॉकेट आणलं. सॉकेटची डावी-उजवी दोन्ही टोकं एकत्र जोडली, नाहीतर एकाच कानात ऐकू येतं. मध्ये सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकला. सेट स्पीकर वाजवायला बनवलेला असतो, हेडफोनला तेवढा आवाज झेपत नाही आणि कानाला तर नाहीच. ३२ ओहमचे दोन कान पॅरलल म्हणजे १६ ओहम, म्हणजे व्होल्टेज साधारण सातव्या हिश्श्यावर येतं. तरीही आवाज आधी पूर्ण कमी करायचा, मगच हेडफोन कानाला लावायचा. स्क्वेल्च उघडताना येणारी 'खस्स' विसरू नका!

महागडा हेडफोन यात वाया जातो. सेटवरचं बोलणं साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये असतं, तिथे बासचं काय लोणचं घालायचं? जुना, कान झाकणारा, वायरचा हेडफोन उत्तम. आपत्तीत मात्र एक कान उघडा ठेवावा, शेजारची हाकही ऐकू यायला हवी.

चाचणी घेतली ती हळद पॉलिश करायच्या ड्रमशेजारी उभं राहून. वसमतमध्ये याहून मोठा आवाज शोधायची गरज नाही. मित्राचे आकडे एका फटक्यात उतरवून घेतले.

लोक म्हणतात, मोबाईल असताना हे कशाला? १९९३ ला किल्लारीत आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी निरोप पोचवले. पण निरोप पाठवणं हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याच्या कानात होतं, आणि सेट घेताना त्याचा विचार फार थोडे लोक करतात. परवान्याची परीक्षा देणाऱ्या पोरांकडून हे अ‍ॅडॅप्टर एकदा तरी हाताने करून घ्यावं, असं माझं म्हणणं. धक्का बसल्यावर सोल्डरिंग गन तापवत बसता येत नाही.

१० जुलै २०२४ ला सकाळी परत ४.५ चा बसला. पुन्हा तीच गल्ली, तोच कालवा. फक्त या वेळी मित्राचं "सगळे बाहेर आहेत, ठीक आहेत" पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

काकाही तिथेच उभे होते. म्हणाले, "आण इकडे, मला बघू दे कानाला लावून."