विकायच्या तुरीतली दहा किलो

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीचं तास नाही असं वावर क्वचितच दिसतं. पौष-माघात तूर निघते आणि बहुतेक घरांत ती आठवडाभरही थांबत नाही. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, घरातलं लग्न, सगळ्यांचे डोळे तुरीच्या पोत्याकडे लागलेले असतात. मग आषाढात, पेरणीत पैसा मातीत गेलेला असताना, तेच घर किराणा दुकानातून पावशेर-अर्धा किलो डाळ आणतं आणि ती पाण्याने वाढवत चार दिवस पुरवतं. पिकवणाऱ्याच्या ताटातलं वरण पातळ होण्याचं हे कारण शेतात नाही, विक्रीच्या घाईत आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की विकायच्या तुरीतली दहा किलो बाजूला ठेवावी आणि उन्हाळ्यातल्या वाळवणात पापड-कुरड्यांच्या जोडीला तिचं कोरडं सूप-मिश्रण करावं.

हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ चा क्विंटलला ८,००० रुपये हा तुरीचा हमीभाव धरला, तर दहा किलो तूर आठशेची. तिची डाळ सात किलोच्या आसपास पडते. घरच्या जात्यावर भरडली तर तुकडा जास्त होतो, पण जी डाळ पुढे दळायचीच आहे तिच्या तुकड्याचं दुःख कशाला? एका वाटीला वीस ग्रॅम भाजलेली डाळ आणि आठ ग्रॅम भाजलेली ज्वारी धरली, तर साडेतीनशे वाट्या होतात. त्याला ज्वारी तीन किलोहून कमी लागते, ती शंभराच्या आसपास. जिरं, मिरे, हळद, लसूण धरूनही वाटी तीन-साडेतीन रुपयांच्या वर जात नाही. पाच माणसांच्या घराला हे सत्तर वेळा पुरतं, म्हणजे मृगापासून दसऱ्यापर्यंत आठवड्यातून चार वेळा. वाटीमागे पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि डाळीसोबत ज्वारी असल्याने दोघींची उणीव एकमेकींनी भरून निघते.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुकानातल्या पाकिटाचा. दहा-वीस रुपयांत तयार सूप मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि मक्याचं पीठ, मैदा, साखर, मीठ ही नावं बऱ्याच पाकिटांवर वरच्या ओळींत सापडतात. त्याहून सरळ कसोटी वजनाची आहे. अशा पाकिटातून एका वाटीच्या वाट्याला साधारण दहा-पंधरा ग्रॅम पूड येते. ती सगळीच्या सगळी डाळ असती, तरी प्रथिनं दोन-तीन ग्रॅमच्या पुढे गेली नसती. पाकीट चव देतं, ती मुलांना आवडते, हे खरं. पण भूक भागवण्याचं काम त्याला जमत नाही.

खरं तर कोरड्या सुपाचा उगम याच कामासाठी झाला. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या दशकात कारखान्यांत राबणाऱ्या बायांना स्वयंपाकाला वेळ उरत नव्हता आणि मजूर कुटुंबं निकस अन्नावर जगत होती. कारखाना निरीक्षक असलेले डॉक्टर फ्रिडोलिन शुलर यांनी यावर कडधान्यांचा आहार सुचवला आणि ज्युलियस मॅगी या गिरणीवाल्याने तो मनावर घेतला. १८८६ मध्ये त्याची वाटाणा आणि घेवड्याची तयार सुपं बाजारात आली. प्रशियाच्या सैन्याने त्याआधीच, १८७०-७१ च्या युद्धात, वाटाण्याच्या पिठाच्या कांड्या शिपायांच्या पाठपिशवीत दिल्या होत्या. दिवसभर राबलेल्या माणसाला थोड्या वेळात, थोड्या जळणात, डाळीचं बळ मिळावं ही मूळ कल्पना होती. कापूस वेचून किंवा निंदण करून अंधार पडता घरी येणाऱ्या बाईची गरज याहून वेगळी नाही. भाजून दळलेली डाळ उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटांत शिजते, आणि चुलीवर अख्खं वरण शिजवायला लागणारं सरपण वाचतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. उन्हाळ्यात बाईच्या मागे आधीच पापड, कुरड्या, सरगुंडे, लोणची लागलेली असतात, त्यात आणखी एक काम? हे ओझं वाढवूच नये. त्यासाठी कुरड्यांचा एक घाणा कमी करावा. कुरडई म्हणजे गव्हाचं सत्त्व, बहुतांशी पिष्टच, आणि तिला लागणारे चीक शिजवण्याचे कष्ट सुपाच्या भाजणीपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या वाळवणात मुंगवडीसारखा डाळीचा पदार्थ पूर्वीपासून आहे, तेव्हा ही परंपरा मोडण्याची गोष्ट नव्हे. आणि डाळ भाजायला, सुपात घालायची भाजी चिरायला पुरुषाचे हातही चालतात. मे महिन्यात दुपारच्या वेळी ते बहुधा रिकामे असतात.

भाजीचं वाळवण मात्र नीट करायला हवं. एप्रिल-मेचं चाळिशीपार कोरडं ऊन ही या जिल्ह्याला फुकट मिळालेली भट्टी आहे, पण पालेभाजी थेट त्या उन्हात टाकली तर रंग जातो आणि अ जीवनसत्त्वाचा मोठा भागही जातो. शेवग्याचा पाला, मेथी, सांभार घरात वाऱ्यावर, सावलीतच वाळवावं. टमाटर, गाजर, कांदा यांच्या पातळ चकत्या पातळ सुती कपड्याखाली उन्हात. पान बोटांत चुरलं पाहिजे, टमाटराची चकती वाकता कामा नये, मोडली पाहिजे. टमाटर हिवाळ्याच्या अखेरीस स्वस्त असतो तेव्हाच वाळवून ठेवण्याचा फायदा २०२३ च्या जुलैत दिसला, जेव्हा त्याचा भाव किलोला शंभरच्या वर गेला होता. सोयाबीन घालायचं असेल तर ते आधी पंचवीस मिनिटं उकळून, वाळवून, मगच दळावं. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचं पचन अडवतात. आणि स्वस्त म्हणून लाखोळी डाळ यात कधीही नको. ती रोजच्या खाण्यात फार राहिली तर पाय लुळे पडतात.

पावसाळ्यात पिठाला जाळी लागते, हा तिसरा आक्षेप अनुभवाचाच आहे. उपाय असा की पीठ करून ठेवूच नये. भाजलेली डाळ, भाजलेली ज्वारी आणि वाळलेली भाजी पूर्ण थंड झाल्यावर, वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावी आणि पंधरा दिवसांपुरतंच दळावं. डबे लहान असावेत, म्हणजे एक उघडल्याने सगळ्यांना दमट हवा लागत नाही. मीठ मिश्रणात घालू नये, ते ओल ओढतं. शिजवताना घालावं.

या सुपाने काय होणार नाही, हेही सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. वाटीभर सुपाने पंडुरोग हटत नाही, त्याला दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या हव्यातच. वाळवणात क जीवनसत्त्व टिकत नाही, म्हणून वाटीत लिंबू पिळावं. पाल्यातलं लोह अंगी लागायलाही त्याची मदत होते. दहा किलो तूर ठेवायला घरी तूरच नाही अशी भूमिहीन घरंही गावोगाव आहेत. तिथे बचत गटाने हंगामात एकत्र तूर घ्यावी, एकत्र भाजावी आणि सभासदांना पडत्या भावात द्यावी. विकायचं ठरलं तर छोट्या उलाढालीला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते. पण विक्री नंतर, आधी सभासदांच्या घरातले डबे भरावेत.