दुधाची पिशवी नको, भाजीची द्या

अमेरिकेत अनेक चर्चमधून आणि ग्रंथालयांतून स्वयंसेवक जमतात, किराण्याच्या प्लास्टिक पिशव्यांच्या चटया विणतात आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांना देतात. एका सहा फुटी चटईत पाचशे-सातशे पिशव्या खपतात. आपल्याकडे पुण्यात अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’ने पिशव्यांच्या पट्ट्यांपासून चरखा आणि हातमागावर कापड विणलं. ते विकायचं, त्यावर कारागिरांची रोजी चालते. वाटायच्या चटया मात्र वसईत सहज होतील. रुखवताची तोरणं आणि टेबलावरचे रुमाल विणलेले हात इथे मोप आहेत, आणि त्या रुमालांना आता घरात कुणी विचारत नाही.

काम किचकट नाही, वेळखाऊ आहे. पिशवी सपाट करून धरायचे बंद आणि तळाची शिवण कापून टाकायची, उरलेल्या नळीच्या दोन-तीन बोटं रुंदीच्या आडव्या पट्ट्या पाडायच्या. उलगडली की प्रत्येक पट्टी एक कडं होते. कड्यात कडं अडकवत गेलं की सलग दोरा तयार. गाठ जोर करून ओढली तर पातळ प्लास्टिक तिथंच तुटतं. मग क्रोशाची जाड सुई, साखळी आणि साखळीवर आखूड खांब.

माझा आग्रह एकच, दुधाच्या पिशव्यांना हात लावू नका. जाड, देखण्या म्हणून विणकामाला त्याच आधी उचलल्या जातात. पण त्या रद्दीवाला किलोवर घेतो, कचरा वेचणाऱ्या बाईचे त्यात चार पैसे असतात. एका गरिबाच्या चटईसाठी दुसरीची मिळकत कशाला काढून घ्यायची? घ्यायची ती भाजीवाल्याची चुरचुरणारी पातळ पिशवी. तिला भंगारवाला हुंगतही नाही, ती थेट गटारात जाते. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरात गटारं तुंबली, तेव्हा हे सगळ्यांना कळलं. 23 जून 2018 पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, 2022 च्या अखेरीस देशभर 120 मायक्रॉनखालच्या पिशव्या बाद झाल्या. तरी विरार स्टेशनबाहेर संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी कशात घालून मिळते, ते बघून या. चटयांना कच्चा माल कमी पडणार नाही, ही महापालिकेसाठी काही भूषणाची गोष्ट नाही.

ज्याला द्यायची त्याला आधी विचारा. पुलाखाली झोपणाऱ्याकडे बहुधा फ्लेक्स असतोच. निवडणूक उरकली की उमेदवाराचा हसरा चेहरा खाली घालून माणूस झोपतो (नेत्याचा इतका थेट उपयोग एरवी होत नाही). ओलीला फ्लेक्सच बरा. चटई कामाला येते ती थंडीत, गार सिमेंटवर. शिवाय गुंडाळून पट्ट्याने खांद्याला लावता येते.

आणि चटई देणाऱ्यांनी महापालिकेत एक अर्जही द्यावा. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावलं आहे. 2011 च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती 12 लाख 22 हजार होती. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेच बारा. ते बारा पत्ते लेखी मागा. नाहीतर उद्या पुलाखालच्यांना हुसकावून त्यांची गाठोडी गाडीत टाकली, की त्या पाचशे पिशव्या जायच्या तिथेच, गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर जातील, फक्त विणून.