सही करण्याआधी आठ-अ



वैशाखात केळशीला जाणे झाले. महालक्ष्मीच्या देवळापासून जवळच एका घरी उतरले होते. आंब्याचा हंगाम आटोपत आलेला, पडवीत रिकाम्या पेट्यांची चळत. घरच्या बाईंनी चहा दिला आणि तांदळाच्या डब्यातून एक मसुदा काढून माझ्यापुढे ठेवला. संमतीने घटस्फोट, एकरकमी वीस लाख, आणि शेवटी ते नेहमीचे वाक्य : यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही.

"ताई, एवढे पैसे मी जन्मात पाहिले नाहीत. करू ना सही?"

खरे सांगते, माझ्याही मनात आले, वीस लाख म्हणजे बरेच की! आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांना महिना दोन हजारांच्या पोटगीसाठी कोर्टाचे उंबरे झिजवावे लागतात. त्यामुळे बागायतदाराची बायको आली की 'हिला काय कमी' असे आपल्यालाही वाटून जाते. मारहाणीची हकिगत ऐकायला आपण शिकलो. सातबारा वाचायला अजून कंटाळतो.

मग विचारत गेले. नवरा वर्षातले आठ महिने मुंबईत. मोहोरावरची फवारणी, राखणदार, पेट्या भरणे, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या जपणे, सगळे हिने केले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुनी कलमे आडवी झाली. त्या जागी नवी हिनेच लावली. ती आत्ता कुठे धरू लागली आहेत. वीस लाखांचा हिशेब मात्र गेल्या एका हंगामाच्या पट्ट्यांवर केलेला. हापूस एक वर्ष आड धरतो, आणि गेले वर्ष न धरण्याचे होते!

कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायद्यात 'संसारात मिळवलेली मालमत्ता दोघांची' असे तत्त्व नाही. ज्याच्या नावावर कागद, त्याची बाग. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेले की चित्र बदलते. तिथल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत पती-पत्नीची सामाईक, निम्मी-निम्मी. आपल्याकडे पतीच्या स्थावरात पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'त बायकांच्या नावे जमिनी करून दाखवल्या त्याला तीस वर्षे उलटून गेली. केळशीच्या या बाईंच्या नावावर गुंठाभरही नाही.

म्हणजे तिच्या हाती काही नाही का? आहे, पण संमतीच्या अर्जात ते कोणी विचारत नाही. पोटगीचा अर्ज केला तर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जे यांचे शपथपत्र द्यावे लागते. रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तसे बंधन घातले. त्याआधी आपण आठ-अ काढावा. त्या गावात त्याच्या खात्यावर कुठली कुठली जमीन आहे ते त्यात दिसते. मग फेरफार पाहावेत. अलीकडे एखादा गट भावाच्या नावे बक्षीस गेला असेल तर तिथे कळते.

मसुद्यातले सातवे कलम वाचून मी चहा खाली ठेवला. बोरिवलीच्या फ्लॅटचे हक्कसोडपत्र ती करून देणार! करारावर तिचे नाव दुसरे आहे, हे तिलाच आठवत नव्हते. पीककर्जाला ती जामीनदार. घटस्फोट झाला म्हणून बँक जामीनदाराला सोडत नाही, पण त्याबद्दल मसुद्यात अक्षर नाही. पाटल्या-बांगड्या दरवर्षी फवारणीसाठी सोनेतारणात जातात, पावती नवऱ्याच्या नावे. स्त्रीधन संपूर्णपणे तिचेच, हे प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच ठरले. पण दागिने हिचे हे दाखवायला लग्नातले फोटो आणि माहेरच्या सोनाराच्या पावत्या लागतात.

आणखी एक. पती वारला तर विधवा म्हणून मुलांबरोबर वारसाहक्क असतो. घटस्फोटाने तो जातो. वीस लाखांत ही किंमतही धरायला हवी होती.

"आता अर्ज तर दाखल झालाय," ती म्हणाली. होऊ दे. निकाल लागेपर्यंत संमती मागे घेता येते, हे सुरेष्टा देवी खटल्यापासून, १९९१ पासून, स्पष्ट आहे. रक्कम हप्त्यांनी किंवा दरमहा ठरली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली तिचा बोजा नवऱ्याच्या स्थावरावर ठेवता येतो. तो सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवून घ्यायचा. हे मी सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे बागेच्या कागदावर माझं नाव येईल?"

येईल, पण मालकीण म्हणून नाही, हेही तिला सांगावे लागले.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मसुदा अजून तांदळाच्या डब्यात आहे. आठवड्यापूर्वी तिच्या मुलीने आठ-अ आणि पाच वर्षांच्या पट्ट्यांच्या झेरॉक्स आमच्याकडे पाठवल्या. सोनेतारणाच्या पावत्या मात्र घरात सापडत नाहीत.