बारा गुण कुठे गेले?

पनवेलमध्ये आमच्या मोहल्ल्यात रविवारी आम्ही काही जण मुलांचा अभ्यास घेतो. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेल्या महिन्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी अंतर्गत परीक्षेतला इंग्रजी निबंध घेऊन आली. दहावीपर्यंत तिचे माध्यम उर्दू. विषय ‘माझे गाव’, गुण २० पैकी ८. पानावर लाल शाईच्या चार रेघा आणि खाली सही. “भाईजान, बारा गुण कुठे गेले?” या प्रश्नाचे उत्तर मलाही देता आले नाही.

निबंधात क्रियापदांचे काळ चुकले होते, ‘अ’ आणि ‘द’ यांची गफलत होती. पण विमानतळासाठी भराव पडला, खाडीतली मासळी कमी झाली आणि घरातले पुरुष रिक्षा चालवू लागले, हे तिने नेमके लिहिले होते. तोच निबंध नाव झाकून मी ओळखीच्या तीन शिक्षकांना तपासायला दिला. गुण आले ७, ११ आणि १४. तिघेही प्रामाणिक, पण एकाने व्याकरण पाहिले, दुसऱ्याने मांडणी, तिसऱ्याने आशय.

हे नवीन नाही. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. कुणी १०० पैकी साठीच्या घरात गुण दिले, तर कुणी नव्वदीच्या पुढे. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल रखडले, कुलगुरूंना पद गमवावे लागले. निबंधात नेमके काय तपासायचे, हा प्रश्न पडदा बदलून सुटणाराही नव्हता.

आमच्या कामात कुणाचा कोड परत पाठवायचा, तर कोणती ओळ का चुकली ते लिहावे लागते. नुसता नकार चालत नाही. निबंधालाही हाच न्याय हवा. आशय, मांडणी, व्याकरण, शब्दसंपदा यांना किती गुण, हे लिहायला बसण्याआधी विद्यार्थ्याला कळावे. सर्व शिक्षकांनी आधी चार-पाच निबंध एकत्र तपासून आपले माप जुळवून घ्यावे. आणि शेवटी दोन ओळींचा शेरा असावा. शिक्षकांवर गठ्ठ्यांचा भार आहे, हे मान्य. पण निकष ठरलेले असले, की तपासणे सोपेच होते.

यात कुणी सवलत मागत नाही. व्याकरणाचे गुण जरूर कापा. पण किती आणि का, ते सांगा. पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या घरातली मुलगी ‘आपल्याला इंग्रजी जमणार नाही’ असे समजून गप्प बसते. मीही इंजिनिअरिंगला असताना असाच गप्प बसलो होतो.

विद्यापीठ परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवे. अंतर्गत परीक्षेसाठी तर अर्जही नको. शिक्षकांना अदबीने विचारले तरी पुरे. त्या मुलीला मी तेवढेच सांगितले. सोमवारी ती वही घेऊन स्टाफरूममध्ये जाणार आहे.